दवाखान्यात भूत नाही, रिकामं पद आहे

मोबाईलवर हल्ली एक नवीन लाट आली आहे. बंद गिरण्या, पडके वाडे, ओस पडलेले दवाखाने अशा ठिकाणी रात्री टॉर्च घेऊन शिरायचं, मागे घाबरवणारं संगीत लावायचं आणि 'भुताचा दवाखाना' म्हणून व्हिडिओ टाकायचा. वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावातल्या सरकारी दवाखान्याचेही असे व्हिडिओ फिरले. ते पुढे पाठवणाऱ्यांत आपल्याच वस्त्यांमधली, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली पोरं होती. म्हणून हा लेख.

एका ग्रामपंचायत सदस्याला सोबत घेऊन आम्ही चार कार्यकर्ते भर दुपारी त्या इमारतीत गेलो. गेटला कुलूप होतं, पण मागची कंपाउंडची भिंतच पडलेली, त्यामुळे कुलपाला काही अर्थ नव्हता. व्हरांड्यात केसपेपरची छोटी खिडकी आणि तिच्याखाली रांगेतल्या माणसांच्या हातांनी काळी पडलेली भिंत. आत दोन लोखंडी खाटा, वाकलेला सलाईनचा स्टँड, गंजलेलं बाळंतपणाचं टेबल. भिंतीवर रंगवलेला लसीकरणाचा तक्ता: बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. कोपऱ्यात दारूच्या बाटल्यांचा ढीग. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच! मागे नर्सबाईंचं क्वार्टर, त्याची दारं-खिडक्या कुणीतरी चौकटीसकट काढून नेलेली.

एका खोलीत रजिस्टरं पडली होती, अर्धी वाळवीनं खाल्लेली. त्यातलं एक कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती आणि जातीचा रकाना. आम्ही त्याचे फोटो काढले नाहीत. त्या बाया आजही गावात राहतात आणि कुणाच्या ऑपरेशनची माहिती हा कुणाच्या व्हिडिओचा माल नाही. रजिस्टरं पोत्यात भरून ग्रामपंचायतीत ठेवली आणि ती ताब्यात घ्या, असं पत्र आरोग्य विभागाला दिलं. पण तो रकाना डोक्यातून जात नाही. नसबंदीचं टार्गेट पूर्ण करायचं होतं तेव्हा व्यवस्थेला आमची वस्ती, आमची जात, आमच्या घरातली लेकरं सगळं मोजता आलं. डॉक्टरचं पद भरायची वेळ आली तेव्हा मात्र तीच वस्ती दिसेनाशी झाली.

दवाखान्यामागच्या वस्तीत एक आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, "दोघं घरीच झाले, लहान्या पोरगा इथं झाला. सिस्टर रातच्यालेही उठे. आता सुनेले गाडी करून वर्ध्याले नेलं. रात्र हाये म्हणून गाडीवाल्यानं दुप्पट पैसे घेतले."

हा दवाखाना कुठल्या आदेशानं बंद झालेला नाही. सरकारी दवाखाना असा एका दिवसात मरत नाही. आधी डॉक्टरची बदली होते आणि पद रिक्त राहतं. मग दुसरीकडच्या डॉक्टरकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. तो आठवड्यातून दोनदा येतो, मग एकदा. मग औषधं कमी येऊ लागतात. लोक मजुरी पाडून येतात, रिकाम्या हातानं परत जातात आणि हळूहळू यायचं सोडतात. ओपीडीचा आकडा घसरतो. शेवटी तोच आकडा दाखवून विचारलं जातं, "रुग्णच येत नाहीत, तर कर्मचारी कशाला?" योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची कल्पना आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो होतो. मारणारा हात दिसत नाही, पण माणूस मरतो. तिचं उदाहरण पुस्तकात शोधायची गरज नाही, ते आपल्या गावात उभं आहे.

पूर्वी तो हात दिसत होता. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतल्यावर तो आला, तेही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हाती दिलं, त्यानं ते नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला. न्यूमोनिया झाल्याचं सांगून डॉक्टर गेला, औषध पाठवलं, पण पुन्हा बघायला आला नाही. ती बाई मेली. आज कुणी थर्मामीटर असं हातोहात फिरवत नाही. आज थर्मामीटर ठेवायची खोलीच बंद आहे. परिणाम कुणाच्या वाट्याला येतो? ज्याच्याकडे चारचाकी आहे तो तासाभरात शहरात पोहोचतो. राहतो तो शेतमजूर, आणि तो कुठल्या वस्तीत राहतो हे सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे, सावंगी आहे, दोन-दोन मेडिकल कॉलेजं आहेत, मग हा दवाखाना कशाला?" ही दोन्ही मोठी रुग्णालयं वर्धा शहराला लागून आहेत. जिल्ह्यात मात्र आष्टी, कारंजा, समुद्रपूर हेही तालुके येतात. कापूस वेचताना साप चावला, फवारताना विष अंगात गेलं, बाळंतिणीचा रक्तस्राव सुरू झाला, तर पहिला तास महत्त्वाचा असतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीत वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मोठं रुग्णालय लागतंच, पण तिथवर माणूस जिवंत पोहोचवण्याचं काम गावचा दवाखाना करतो.

दुसरं उत्तर असतं विमा योजनेचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गरजेची आहे, ती अनेकांच्या ऑपरेशनला कामी आली आहे. पण ती ठरावीक उपचारांसाठी, नोंदणीकृत रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. ताप, खोकला, लेकराचे जुलाब, रक्तदाबाची रोजची गोळी यांसाठी ती नाही. योजनेला फुल्यांचं नाव दिलं म्हणून फुल्यांचं काम होत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आजारी माणसाला कार्ड विचारलं नव्हतं. मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत गेल्या.

आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हे आपल्याला नव्यानं सिद्ध करायचं नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे भोर समितीनं १९४६ मध्येच लिहून ठेवलं. संविधानाच्या कलम ४७ नं सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानलं. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी रुग्णालयानं वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आणि अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे द्यायच्या विषयांत, रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने स्पष्टपणे लिहिलेले आहेत.

मग करायचं काय? मित्रांनो, आपल्या भागात असा दवाखाना असेल तर आधी तो कुणाचा ते शोधा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. मग दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणतं पद कधीपासून रिक्त, गेल्या पाच वर्षांत औषधांवर आणि दुरुस्तीवर किती खर्च दाखवला, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. या कायद्यात कामाची आणि कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे, तो वापरा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्या ठरावावर बायांच्या सह्या आधी घ्या, कारण दवाखान्याची गरज त्यांना सगळ्यात जास्त कळते.

घाई यासाठी की आम्ही पाहिलेल्या त्या जागेवर दुकानगाळे काढायच्या गोष्टी गावात सुरू झाल्या आहेत. इमारत 'भुताची' ठरली की जमीन मोकळी करणं सोपं जातं. मग रस्त्यालगतची मोक्याची जागा कुणाच्या नावावर जाईल, हे वेगळं सांगायला नको. इमारत धोकादायक असेल तर खुशाल पाडा. पण त्याच जागेवर दवाखाना उभा राहिला पाहिजे, त्यात डॉक्टर आणि सिस्टर कायमस्वरूपी पदावर हजर पाहिजेत, आणि केसपेपरची खिडकी रोज सकाळी उघडली पाहिजे. ही भीक नाही, हक्काची मागणी आहे.

जय भीम!