घसारा

बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे कोणत्याही छंदाचा मी आधी हिशेब मांडतो. गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून धाराशिवला आला, तो आपला मॉड्युलर सिंथेसायझर घेऊनच. त्यातले एक मॉड्यूल ध्वनी निर्माण करते, दुसरे तो गाळते, तिसरे त्याचा चढ-उतार ठरवते; ती तारांनी जोडावयाची. १९९० च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी रूढ केलेल्या मापामुळे अनेक उत्पादकांची मॉड्यूले एकाच चौकटीत बसतात. साहजिकच खरेदीला शेवट नाही.

"रचना किती झाल्या?" मी विचारले.

"अजून जुळवाजुळव चालू आहे, बाबा."

मी त्याला अहमदाबादचा दाखला दिला. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर उभा राहिला. यंत्र एकच, पण गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर १९७२ पर्यंत रचना केल्या. संस्थेच्या संग्रहात सापडलेल्या त्या ध्वनिफितींतील संगीत २०२३ मध्ये प्रकाशित झाले. "मालमत्ता एक, उत्पन्न पन्नास वर्षांनंतरही!" मी समारोप केला.

तो काही बोलला नाही. उठून त्याने माझे कपाट उघडले. निवृत्तीनंतर घेतलेल्या दोन पेट्या, तबलाजोडी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मिरजेचा तंबोरा. त्याची गवसणी सहा महिन्यांत निघाली नव्हती. "यावर घसारा किती टक्के लावायचा?"

मी निरुत्तर झालो. दशलक्षण पर्वात मंदिरात भजनाला साथ करण्याचा आग्रह झाला, तेव्हा पेटीचे सूर उतरले आहेत, असे सांगून मी सुटका करून घेतली होती. पेटी सुरात होती. बोटे बसलेली नव्हती. अपरिग्रहावरील प्रवचने मी पुढच्या रांगेत बसून ऐकली. पण परिग्रह म्हणजे सोने आणि जमीन, एवढाच अर्थ घेतला. वाद्य विकत घेतले की त्याच दिवशी आनंद मिळतो. रियाजात मात्र आधी कितीतरी दिवस स्वतःची उणीवच ऐकावी लागते. ती ऐकू येऊ नये म्हणून मी नवे वाद्य घेत होतो.

एक पेटी आता मंदिरात दिली आहे. दुसरीवर रोज पहाटे अर्धा तास बसतो. गेल्या महिन्यात मुलाने साडेतीन मिनिटांची रचना पाठवली. चारच मॉड्यूले वापरली, म्हणाला. फार चांगली नाही. पण पूर्ण आहे.