वाफशातल्या वाटा

जमिनीत पाणी आहे आणि हवाही आहे, अशा अवस्थेला आपल्याकडे वाफसा म्हणतात. माझं सगळं काम या वाफशाच्या थरातलं. उसाला घातलेल्या युरियाचं नायट्रेट मुळांखाली कधी आणि कुठून उतरतं, ते पकडायचं. विहिरीच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर कळून उपयोग नसतो.

माती परीक्षणासाठी आपण शेतात नागमोडी फिरतो आणि जागोजागची माती एकत्र कालवतो. आमच्या कामात कालवलं की वाट पुसली.

पहिल्या काळ्या रानात मी मातीतलं पाणी ओढून घेणारे सच्छिद्र सिरॅमिकचे कप ओळीने 5-5 फुटांवर पुरले. आराखडा कागदावर देखणा दिसत होता. पण सरीही 5 फुटी होती! एकूण एक कप वरंब्यात आले आणि पाणी मुरत राहिलं सरीतून. अख्खा हंगाम वाया गेला.

पुढच्या वर्षी आधी रंग सोडला. पाण्यात लिटरला 4 ग्रॅम निळा रंग, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच खड्डा. बाजू तासली तर वरचा वीतभर थर निळा, त्याखाली फक्त भेगांच्या कडा निळ्या, पार कमरेपर्यंत. त्या भेगेलगतचं एक ढेकूळ अंगठ्याने फोडलं. आत काळंभोर, रंगाचा टिपूस नाही. मी बराच वेळ ते हातात धरून बसलो होतो.

कॅलिफोर्नियात बिगर आणि नील्सन यांनी 150 हेक्टरांत 20 वाफे मोजून 1976 साली हेच दाखवलं होतं: क्षार उतरण्याचा वेग वाफ्यागणिक कमालीचा बदलतो आणि मोजक्या वेगवान जागा सरासरी वर ओढतात. वाचलं होतं मी. पटलं त्या खड्ड्यात.

आता मी सरी आणि वरंबा वेगळे धरतो. काही कप हातभर अंतरावर, काही 5 मीटरवर, काही बांधाजवळ. कपाची नळी तिरकी घालतो, भोवती बेंटोनाइट ठासतो. नाहीतर ती नळीच नवी भेग होऊन बसते.

या कामात नव्याने येणाऱ्यांना एकच विनंती. एखाद्या कपात पाणी आलं नाही, तर वहीतला रकाना मोकळा सोडू नका. तारीख घाला आणि ‘कोरडा’ असं लिहा.