मोडायच्या आधी एक फोटो

सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेल्यापासून आमच्या बाजारपेठेत एक नवीनच गर्दी दिसायला लागलीय. घेणाऱ्यांची नाही, मोडणाऱ्यांची. परवा एका ओळखीच्या सराफाकडं अर्धा तास बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आली, पदराखालनं रुमाल काढला, रुमालातनं पुतळ्यांची माळ काढली. सराफानं दोरा कापला, पुतळ्या तराजूत टाकल्या, आकडा सांगितला. बाईनं मान हलवली. पाच मिनिटांत तीन-चार पिढ्यांचा कारभार आटोपला.

मला काहीतरी बोलायचं होतं. बोललो नाही. परक्या बाईच्या अडचणीत आपण कोण बोलणार? पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी माझीच गोष्ट सांगतो.

2004 साली वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. म्हणजे मानधन किती असेल ते समजून घ्या. पैसे कमी पडले तेव्हा आजीनं न बोलता गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली. अठरा पुतळ्या होत्या. लहानपणी मी आजीच्या मांडीवर बसून त्या मोजायचो. त्यांवर दोन माणसं होती, एक उभा आणि एक गुडघ्यावर. मध्ये काठीसारखं काहीतरी. आजी सांगायची, "ह्यो राम, आन् त्येच्या पायाशी मारुती." मागच्या बाजूला चांदण्यांच्या मधोमध एक देव. तो कोण हे आजीलाही माहीत नव्हतं. ती म्हणायची, "आसंल कोन तरी. देवच हाय की."

मी माळ घेऊन शहरात गेलो. सराफानं एकेक पुतळी कसाला लावली आणि त्यातल्या तीन बाजूला काढल्या. म्हणाला, "या तिघींचा कस बाकीच्यांपेक्षा वरचा आहे. यांचा भाव वेगळा लावतो." मला आनंद झाला. चार पैसे जास्त मिळाले. त्या तीन वेगळ्या का, हे मी विचारलं नाही. दिवसभर लोकांना 'कोण, कुठं, कधी, का' विचारत फिरणारा माणूस मी, पण त्या दिवशी एक 'का' तोंडातनं निघाला नाही. गळ्यात कॅमेरा होता, फोटोही काढला नाही.

वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्यामुळं माळ मोडल्याचं दुःख मला नाही. आजीलाही कधी झालं नाही.

पुढं 2019 च्या सुमारास तालुक्यात फसवणुकीची एक घटना घडली. प्रकार तुम्हाला माहीत असेल. "घराचा पाया खणताना सोन्याची नाणी सापडली, गुपचूप विकायचीत" असा निरोप येतो. आधी एक नाणं देतात, ते सराफाकडं खरं निघतं. मग माणूस लाखो रुपये घेऊन जातो आणि पिशवीभर पितळ घेऊन येतो. त्या बातमीसोबत एक चौकट द्यावी, खरी जुनी सोन्याची नाणी कशी असतात, असं मनात आलं. म्हणून मोबाईलवर शोधत बसलो. आणि एका फोटोवर अंगठा थांबला.

राम आणि मारुती. मध्ये काठी. मागं चांदण्यांतला देव.

खाली लिहिलेलं होतं, व्हेनिसचं डुकाट.

इटलीतलं व्हेनिस हे दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक. त्यांनी 1284 साली सोन्याचं नाणं पाडायचं ठरवलं. शेजारच्या फ्लॉरेन्स आणि जिनोआनं 1252 मध्येच तशी नाणी सुरू केली होती. व्हेनिसनं आपल्या नाण्यावर शहराचा संरक्षक संत मार्क कोरला. तो उभा राहून झेंडा देतोय आणि गुडघ्यावर बसून तो घेतोय तो डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला तहहयात प्रमुख. आमच्या आजीची काठी म्हणजे ती झेंड्याची काठी. तिचा मारुती म्हणजे डोज. आणि मागच्या बाजूचा, चांदण्यांतला देव म्हणजे येशू ख्रिस्त. माळकरी बाई, आयुष्यभर गळ्यात ख्रिस्त घेऊन वारीला गेली! कुणाचं काही बिघडलं नाही.

या नाण्याची खरी कमाल चित्रात नाही, शब्द पाळण्यात आहे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोनं त्या काळी जेवढं शुद्ध करता यायचं तेवढं, म्हणजे आजच्या हिशेबात जवळजवळ चोवीस कॅरेट. 1284 पासून 1797 मध्ये नेपोलियननं व्हेनिस संपवेपर्यंत, पाचशे तेरा वर्षं, ना कस हलला ना चित्राची ठेवण बदलली. बदलायचं ते फक्त डोजचं नाव. दरम्यान युद्धं झाली, प्लेगच्या साथी आल्या, तिजोरीत खडखडाट झाला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं 1540 च्या दशकात पैशाची चणचण आल्यावर नाण्यांत सरळ हिणकस धातू मिसळला. व्हेनिसनं डुकाटाला हात लावला नाही. कारण त्यांना कळत होतं, की परक्या बाजारात आपली भाषा कुणाला येत नाही, आपलं सैन्य तिथं नाही, तिथं आपल्या वतीनं बोलणार ते फक्त हे नाणं.

आणि ते बोललं. व्हेनिसचे व्यापारी हे नाणं घेऊन इजिप्तच्या अलेक्झांड्रियात जायचे आणि मिरी, मसाले घ्यायचे. तिथून तांबड्या समुद्रातल्या व्यापाऱ्यांच्या हातानं ते मलबार, गुजरात आणि आपल्या चौल-दाभोळच्या किनाऱ्याकडं सरकायचं. युरोपकडं आपल्याला हवा असा माल थोडा आणि आपल्याकडचं त्यांना हवं ते फार, त्यामुळं फरक सोन्या-चांदीनं भागवावा लागायचा. रोमच्या काळात प्लिनीनं हीच कुरकुर केली होती, की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. भरूचजवळ 1882 साली जुन्या नाण्यांचा एक साठा सापडला, त्यात इजिप्तच्या दिनारांसोबत व्हेनिसचे डुकाटही होते.

इजिप्तमध्ये तर या नाण्याचा एवढा बोलबाला झाला, की तिथल्या सुलतान अशरफ बार्सबायनं 1425 साली त्याच्या तोडीचं स्वतःचं सोन्याचं नाणं काढलं. त्याच्या नावावरनं ते झालं अशरफी. आपण गोष्टींमध्ये अश्रफींची थैली म्हणतो ना, तिची ही मुळं. दुसरी गंमत अशी, की व्हेनिसच्या टांकसाळीला म्हणायचे झेक्का. हा शब्द अरबी 'सिक्का'वरनं आला, तोच आपला सिक्का. झेक्कातनं पडलेलं नाणं म्हणून डुकाटाला झेक्किनो म्हणायला लागले, आणि त्याचंच इंग्रजीत झालं सिक्विन. होय, साडीवर लावतात ती चमकी. नाणं गेलं, चमक राहिली.

आपल्याकडं मात्र त्याचं नाव पडलं पुतळी, कारण वर पुतळ्या आहेत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, तीत होनांच्या जोडीला पुतळ्याही आहेत. पुढं लोकांना ही पुतळी एवढी आवडली, की इथल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवायला घेतल्या. म्हणजे तुमच्या घरातल्या माळेत बहुतेक पुतळ्या इथल्याच असणार. पण एखादी, क्वचित, खरोखर समुद्रापलीकडनं आलेली असू शकते.

कसाला वेगळ्या निघालेल्या त्या तीन कोण होत्या? मला कधीच कळणार नाही.

जगात हे डुकाट जमवणारे लोक आहेत. ते एकाच नाण्याच्या दहा प्रती जमवत नाहीत, डोजच्या नावांमागं लागतात. पहिलं डुकाट निघालं तेव्हा जोव्हानी दांदोलो हा अठ्ठेचाळिसावा डोज होता, आणि शेवटचा लुदोविको मानिन एकशे विसावा. यात मारिन फालिएर नावाचा एक डोज आहे. 1354 मध्ये निवडून आला आणि सरदारांची सत्ता उलथून स्वतः राजा व्हायचा कट केला म्हणून 1355 च्या एप्रिलमध्ये त्याचं मुंडकं उडवलं. त्याचं नाव पुसायचा हुकूम झाला. व्हेनिसच्या राजवाड्यात सगळ्या डोजच्या तसबिरी आहेत, त्याच्या जागी आजही काळा पडदा रंगवलेला आहे. पण वर्षभरापेक्षा कमी काळात त्याच्या नावानं जी डुकाटं पाडली गेली, त्यातली काही अजून आहेत. दुर्मीळ आहेत, पण आहेत. सरकारनं तसबीर झाकली, नाणं मात्र लोकांच्या खिशात होतं.

बातमीदार म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. कागद जाळता येतो, तसबीर झाकता येते. नाणं हजारो हातांत विखुरलेलं असतं. ते नाहीसं करायचा एकच मार्ग, मूस.

आणि मुशीचं आमच्याइतकं कुणाला माहीत? आमचा खानापूर-आटपाडीचा पट्टा म्हणजे गलाईवाल्यांचा. दुष्काळानं गाव सोडलेली आमची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळत बसलीत. माझा थोरला चुलतभाऊ तीस वर्षं दक्षिणेत गलाईचं दुकान चालवतोय. जत्रेला आला तेव्हा त्याला फोटो दाखवला. बघून म्हणाला, "आसली लई गेली की माझ्या हातनं."

"मग ठेवायचं नाहीस का रं दादा एखादं?"

"माल गिऱ्हाइकाचा. आन् मुशीला काय नाव वाचता येतंय व्हय? खालनं जाळ लावला की राजा बी वितळतोय आन् देव बी."

एवढं बोलून तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पर तू आधी सांगितलं आसतंस तर बघितलं तरी आसतं नीट."

आजीनं एक पुतळी आत्याला तिच्या लग्नात दिली होती, ती मोडीतनं वाचली. मी वजनकाटा आणि भिंग घेऊन आत्याकडं गेलो. आत्यानं देव्हाऱ्यातल्या डबीतनं पुतळी काढली. वजन साडेतीन ग्रॅमपेक्षा बरंच कमी भरलं. चेहरे गोलमटोल, डोळे मोठे. खऱ्या डुकाटावर कडेनं लॅटिन अक्षरं असतात, झेंड्याच्या काठीलगत एकाखाली एक डी, व्ही, एक्स असतात. आत्याच्या पुतळीवर त्या जागी नुसत्या रेघा, ठिपके आणि वाकडे आकडे होते. ज्या सोनारानं ती घडवली त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती. त्यानं नक्षी समजून उतरवली.

आत्याचा चेहरा पडला. "खोटी निघाली व्हय रं?"

मी म्हणालो, "नाही आत्या. सोनं खरं आहे. आणि ज्या सोनारानं न पाहिलेल्या देशाचा देव न वाचता येणाऱ्या अक्षरांसकट आपल्यासाठी घडवला, तोही खरा आहे." आत्याला पटलं का माहीत नाही. तिनं पुतळी कपाळाला लावून परत डबीत ठेवली. तिच्या लेखी तो अजून रामच आहे.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. मोडू नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः मोडली आणि त्यातनं बापाची अकरा वर्षं मिळाली. अडीनडीला उपयोगी पडावं म्हणूनच तर बायकांनी सोनं जपलं. पण मोडायच्या आधी दहा मिनिटं द्या. प्रत्येक पुतळीचा, गिनीचा, मोहरेचा दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढा. वजन लिहून ठेवा. ही कुणाची, कुणाच्या लग्नातली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. अक्षरं लॅटिन वाटली तर एखाद्या नाणेतज्ज्ञाला दाखवा. टाका असला तरी दाखवा. संग्राहकांच्या बाजारात टाक्यानं किंमत उतरते, पण ते नाणं आपल्याकडं कसं नांदलं त्याचा पुरावा तो टाकाच आहे.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, 1972 चा कायदा आहे. आणि शेतात, पायात जुनं धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "गुपचूप विकायचंय" म्हणून कुणी आलं तर समजा, पिशवीत पितळ आहे.

आणि हो, फोटो इथं टाकू नका. चोरही फेसबुक वाचतात. घरातच ठेवा, पोराबाळांना दाखवा.

त्या परवाच्या बाईला हे सांगायला हवं होतं. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आज एवढं लिहिलं.