अकरा मिनिटे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. आमच्या सौ.च्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या सर्वांना आधी सांगतो, की अर्धांगवायूनंतर तिची उजवी बाजू अजून पुरती साथ देत नाही, पण बोलणे बरेच स्पष्ट झाले आहे. आजचा विषय मात्र भलताच आहे, मोटारीच्या इंजिनातला टर्बो! हसू नका. ज्याने मराठी माध्यमातून बी.ए. केले, जन्मभर समास आणि प्रयोग शिकवले, त्याने या वाटेला का जावे, ते पुढे येईलच.

आमचा नातू छत्रपती संभाजीनगरला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने जुनी डिझेल स्विफ्ट घेतली, २०१४ सालची. आजी आजारी पडल्यापासून तो दर शनिवारी ड्युटी संपली की वाशिमला येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. त्याची गाडी दारात लागली की ही उशीला टेकून बसायचा प्रयत्न करते. डॉक्टरांच्या व्यायामापेक्षा या व्यायामाचा गुण जास्त, असे माझे मत आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आबा, पप्पांना नका सांगू हं. बावीस हजार उसने पाहिजेत." मला वाटले, काही अडचण आहे. तर त्याला गाडी 'ट्यून' करायची होती. इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलायचा, की टर्बो जास्त हवा दाबतो, डिझेल जास्त जाते आणि ७५ अश्वशक्तीची गाडी शंभराच्या जवळ जाते म्हणे. "अलीकडे गाडी ओढतच नाही आबा. पातूरच्या घाटात तर दम टाकते. एकदा हे केलं, की मी लवकर येईन. आजीजवळ जास्त बसता येईल."

आता सांगा, या शेवटच्या वाक्यावर कुठला आजोबा नाही म्हणेल? मी पासबुक काढायला उठलोच होतो. पण मास्तरकीची सवय जात नाही. म्हटले, आधी हा टर्बो म्हणजे काय ते मला समजावून सांग.

त्याने सांगितले आणि मला ते फार आवडले. इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी वाया जातो. त्याच वायूच्या झोताने एक छोटे चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. टाकाऊतून टिकाऊ आपण कागदाच्या फुलांचे शिकवले, त्याने धुराचे शिकवले!

तरी म्हटले, एकदा आपल्या माणसाला दाखवू. गावात माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर पंपाची, मोटेची चित्रे काढायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी तीन वर्षे 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता. त्याच्याकडे जाताना मला तो शेरा आठवतो. त्यालाही आठवत असणार, पण तो कधी बोलत नाही.

त्याने बॉनेट उघडले, गाडी चालू केली, नातवाला रेस द्यायला सांगितले आणि डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, या गाडीचा दम गेला नाही. दम लीक होऊन राह्यला." टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाईप क्लॅम्पखाली चिरला होता. बोट लावले तर फुस्स हवा लागायची. मग त्याने एअर फिल्टर काढून सतरंजीवर आपटला. ढीगभर भुसा पडला! सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपल्याकडे रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रे चालतात, ती सगळी धूळ त्यात बसली होती.

"आता यात प्रोग्राम बदलला असता तं काय झालं असतं?" नातवाने विचारले. "हवा बाहीर चालली, अन् वरून डिझल वाढवलं असतं. काळा धूर. अन् टर्बो बिचारा तेवढी हवा भरून काढाले अजून जोरानं फिरला असता. मंग एक दिवस गेला असता." शिवाय क्लच, ब्रेक, टायर सगळे ७५ घोड्यांच्या हिशेबाचे. नोंदणीपेक्षा वेगळी गाडी केली तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही तोंड फिरवू शकते, हेही त्यानेच सांगितले.

हिशेब असा झाला: पाईप १,४०० रुपये, एअर फिल्टर ३५०, ऑइल आणि त्याचा फिल्टर १,६००, मजुरी ८००. एकूण ४,१५० रुपये. वर फुकटचे दोन सल्ले. ऑइल वेळेवर बदलायचे. आणि लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर तशीच चालू ठेवायची, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

त्या रात्री मी नातवाला वही घेऊन बसवले. समृद्धीवरचा टप्पा धर दीडशे किलोमीटर. कारला तिथे वेगमर्यादा १२०. म्हणजे ७५ मिनिटे. आता मर्यादा मोडून १४० ने ये. किती लागतील? त्याने मोबाईलवर केले. ६४. "म्हणजे अकरा मिनिटे," मी म्हटले. तो काही बोलला नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ याच रस्त्यावर बस पेटून २५ माणसे गेली, ते त्यालाही माहीत आहे, मलाही. मी तो विषय काढला नाही.

आतल्या खोलीतून ही सगळे ऐकत होती. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी... अकरा मिनिटं... थांबीन."

आम्ही दोघेही उठून आत गेलो.

गाडी आता घाट चढते. नातू शनिवारी येतो तेव्हा दारात मिनिटभर इंजिन चालू असते आणि तेवढ्यात ही उठून बसलेली असते. परवा त्या विद्यार्थ्याला घरी चहाला बोलावले आणि त्या शेऱ्याबद्दल एकदाचे बोललो. तो हसला. म्हणाला, "सर, लक्ष होतं. फक्त फळ्याकडं नव्हतं."

असो. थंडी वाढली आहे, सर्वांनी तब्येतीला जपा.