गंजिफा आणि दिवेलागण

वाचक कदाचित् हांसतील, पण अवतारांतहि उणेंअधिक असतें हें आम्हांस पुराणांतून नव्हे, सावंतवाडीच्या गंजिफांतून कळलें. वाटोळीं १२० पानें, दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतचीं पानें. राजा-प्रधानांचा मान सर्वत्र सारखा. पण खालच्या पानांत पांच रंगांत दहा वरचढ, तर उरलेल्या पांचांत एक्का! एकीकडे हात जिंकणारें पान दुसरीकडे नुसतें ओझें. शिवाय दिवसा उतारी रामाची, रात्रीं कृष्णाची. आमच्या मालवणच्या घरीं आजीच्या हातीं रामाचा राजा आला कीं दिवेलागण हटकून लांबे. "अजून उजवाड आसा रे," असें ती धडधडीत काळोखांत म्हणे, आणि दादा व आम्ही तें मुकाट्यानें मान्य करीत असूं.

खेळास तिघे हवेत. प्रत्येकास ४० पानें. दादा नोकरीस मुंबईस गेला आणि डाव मोडला. पुढें शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं सावंतवाडीच्या राजवाड्यांत ही मावळती कला पुन्हा उभी केली. तेथून आम्ही एक नवा संच आणला. आजीनें रामाचा राजा शोधून काढला, बराच वेळ न्याहाळला, आणि सांज होण्याआधींच उठून दिवा लावला.