गळ, नदी आणि बदली झालेला मासा

गळ टाकून बसणारा शौकीन आणि फाईल परत येण्याची वाट पाहणारा कारकून यांची जात एकच. दोघांचाही धर्म प्रतीक्षा. म्हणूनच की काय, बदलीवर बंगळूरला आल्यानंतर आमचा पहिला स्नेह जडला तो येथील एका वयोवृद्ध कन्नड गृहस्थांशी. ऐन उमेदीतले सारे रविवार त्यांनी कावेरीकाठी गळ हाती धरून घालविलेले.

शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भीमेश्वरी आहे. येथला मानाचा मासा म्हणजे महसीर. कावेरीची उपनदी काबिनी. तिच्यात १९४६ साली धरलेला एक महसीर १२० पौंड भरला होता! १९८७ साली या टापूचे अभयारण्य झाले. धरलेला मासा वजन करून परत सोडण्याच्या अटीवर पुढेही पुष्कळ वर्षे गळ टाकता येई. नंतर कायद्याने तीही मुभा गेली. आता आमचे स्नेही दुर्बीण घेऊन बसतात, आणि शेजारी आम्ही.

गळवाल्याला अरण्य भेटीला येते, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. निश्चल बसलेल्या माणसाचा विसर पडला की नदी आपला संसार मांडते. मगरी खडकांवर जबडे उघडे टाकून ऊन खातात. उदांचे टोळके शिट्ट्या घालीत धारेतून निघून जाते. अर्जुनाच्या झाडावर आपल्या शेकरूची चुलतबहीण, करडी मोठी खार, फांदीवरून फांदीवर झेप घेते. एकदा तिन्हीसांजेला पलीकडच्या काठाने हत्ती पाण्यात उतरले. धारेचा जोर पिल्लाला लागू नये म्हणून मादी वरच्या अंगाला उभी राहिली आणि पिल्लू पार होईपर्यंत हलली नाही. आम्ही श्वास रोखून पाहत होतो.

अशाच एका संध्याकाळी स्नेही हसून म्हणाले, "सार, या नदीत तुमच्या गावचा मासा फार झाला!"

हकीकत अशी. कावेरीचा मूळचा महसीर पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. निळसर परांचा महसीर निराळा. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याकडच्या नद्यांतून तो शास्त्राला परिचित करून दिला. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होऊ लागली, आणि कावेरीतले मासे वाढावेत या सद्हेतूने ती पिल्ले येथे सोडली गेली. पाहुणा फोफावला, घरधनी मात्र दिसेनासा झाला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी या घरधन्याचे नाव टॉर रेमादेवी असे निश्चित केले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

हे उघडकीस कसे आले? गळवाल्यांच्या नोंदवह्यांतून. १९९८ ते २०१२ या काळात गालिबोरे येथील तळावर कोणता मासा किती वजनाचा लागला, हे लिहून ठेवले जाई. त्या नीरस रकान्यांतूनच एका जातीची चढती आणि दुसरीची उतरती कळा वाचता आली. आयुष्यभर रकाने भरणाऱ्या आम्हांस हे ऐकून किती धन्य वाटले म्हणून सांगावे!

पण आनंद फार टिकत नाही. गळ थांबले, तशी त्या वह्यांतली नोंदही थांबली. तळावर राखणदारी करणाऱ्यांत पूर्वी चोरून मासे मारणारेही होते. त्यांचा रोजगारही गेला. मुक्या जिवाला गळाने दुखवू नये, हे आम्हांस पटते. मात्र मोजणाऱ्याला काठावरून उठविले, तर त्याच्या जागी दुसरा मोजणारा बसविला पाहिजे. एरवी तो मासा कधी संपला हेही कोणास कळणार नाही.

आपण सारे बदलीचे धनी. परमुलखात आलो, तर तेथली भाषा शिकावी, शेजार राखावा, आणि आपल्यामुळे कोणाची जागा जाऊ नये एवढे पाहावे. आपल्याला निदान परतीचा हुकूम तरी येतो. माशाच्या बदलीचा हुकूम एकदा निघाला, की तो रद्द करता येत नाही.