चोरीस गेलेली ध्वनिफीत

कलेच्या प्रांतात 'स्वतंत्र' हे विशेषण इतके सर्रास वापरले जाते की, त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न मला पडतो. पदरमोड करून स्वतःचे पुस्तक छापणारा लेखक प्रकाशकापासून स्वतंत्र होतो खरा. परंतु त्याच घटकेला तो कागदवाल्याचा ऋणको झालेला असतो. धनाढ्य कंपन्यांच्या छत्राबाहेर निघणाऱ्या हिप-हॉप संगीताच्या अल्बमांनाही हेच विशेषण लावतात. त्यांपैकी माझ्या विशेष आवडीचा जो 'मॅडव्हिलनी', त्याचा जन्मवृत्तान्त वाचल्यापासून मात्र या शब्दाचा एक निराळाच अर्थ मला दिसू लागला आहे.

हा अल्बम दोघांचा. पहिला एमएफ डूम. १९७१ साली लंडन येथे जन्मलेला व न्यूयॉर्कच्या परिसरात वाढलेला हा शीघ्रजिव्ह शाहीर प्रथम आपल्या धाकट्या भावासमवेत केएमडी या मेळात गात असे. १९९३ साली तो भाऊ मोटारीखाली सापडून गेला. आणि पुढल्याच वर्षी, मुखपृष्ठावरील चित्राच्या वादापायी, त्या मेळाचा तयार अल्बम एका बड्या कंपनीने प्रसिद्धच केला नाही. काही वर्षांच्या अज्ञातवासानंतर हा गृहस्थ परतला, तो तोंडावर धातूचा मुखवटा चढवून! दुसरा कॅलिफोर्नियाचा मॅडलिब. जुन्यापुराण्या रेकॉर्डांतून क्षणाक्षणाचे तुकडे वेचावयाचे आणि गोधडीप्रमाणे ते सांधून नवी चाल उभी करावयाची, ही याची कारागिरी. २००७ साली त्याने आपल्या हिंदी चित्रपटगीतांच्या चिंध्याही अशाच एका गोधडीत लावल्या आहेत. ओळखीची सुरावट भलत्याच तालावर अवतरलेली ऐकून होणारी गंमत काही औरच!

दोघांना आश्रय देणारी 'स्टोन्स थ्रो' ही संस्थाही अशीच. तिच्या संस्थापकाचा गायक मित्र १९९३ सालीच मारला गेला होता. त्या मित्राचे गाणे लोकांपुढे यावे, या इच्छेतून १९९६ साली ही संस्था निघाली. लॉस एंजेलिस येथील तिच्या घरात बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेली एक जुनी खोली होती. तीच मॅडलिबची कार्यशाळा.

काम अर्धेमुर्धे झाले असता २००२ साली मॅडलिब ब्राझीलला गेला. तेथेही साओ पाउलोतील हॉटेलच्या खोलीत त्याने लहानशा यंत्रांवर काही चाली सिद्ध केल्या. परंतु त्याच प्रवासात अपुऱ्या अल्बमची ध्वनिफीत चोरीस गेली, असे सांगतात. आणि पाहता पाहता तो कच्चा खर्डा इंटरनेटवरून जगभर पसरला. दोघांचे मन विटले. २००३ साली दोघेही इतर अल्बमांत गुंतले.

अशा वेळी काय करावे? जे सर्वांनी फुकट ऐकले, ते पुरे करण्यात हशील काय? तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली, तरी ती लोकांच्या मुखी असल्यामुळे तरली, असा त्या कथेचा अर्थ काही जण करतात. येथे प्रकार उलटा होता. लोकांच्या मुखी होते ते कर्त्याने अद्याप आपले म्हटलेलेच नव्हते. तेव्हा दोघे पुन्हा कामास बसले. डूमने आपले शब्द नव्याने म्हटले, आणि तेही पूर्वीच्या आवेशाने नव्हे, तर खालच्या पट्टीत, संथपणे, जणू शेजारी बसून बोलत असल्यासारखे. २३ मार्च २००४ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात २२ तुकडे आहेत व ते अवघ्या पाऊण तासात संपतात. बहुतेकांना ध्रुपदच नाही. सांगावयाचे ते सांगून झाले की गाणे थांबते. काही रसिकांना आजही तो जुना, चढा आवाजच प्रिय आहे. माझे मत तसे नाही. त्या खालच्या आवाजात मला घाई सरल्याची शांती ऐकू येते.

थोड्या भांडवलाच्या संस्थेस वर्षाहून अधिक काळ थांबावे लागणे म्हणजे काय, हे एखादे लहानसे मासिक चालविणाऱ्यासच विचारावे! दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही; चोराला अडविण्याचे बळ या स्वतंत्र मंडळींपाशी नव्हतेच. परंतु एक अधिकार त्यांच्यापाशी उरला होता. पूर्वी याच शाहिराचा तयार अल्बम एका कंपनीने अडकवून ठेवला होता. आता अपुरा अल्बम चोराने उधळला. एकदा 'नको' आणि एकदा 'आत्ताच' असे परक्यांनी परस्पर ठरविले. या वेळी मात्र शेवटचा शब्द त्याचा होता.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी डूम वारला, आणि जगाला ती वार्ता कळली ३१ डिसेंबरला. ज्याचे अपुरे गाणे कोणीतरी वेळेआधीच जगाला वाटून टाकले, त्याच्या मृत्यूची वार्ता मात्र घरच्यांनी दोन महिने स्वतःपाशी राखली. आपली गोष्ट आपल्या वेळी सांगता येणे, याहून स्वातंत्र्याची मोठी व्याख्या मला तरी सुचत नाही.